जर्मनीत कायम निवासाच्या अर्जासाठी घेतलेली सल्लागार सेवा: एक सविस्तर परीक्षण

स्टुटगार्ट परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये ब्लू कार्डावरून, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मुदतीच्या निवासपत्रावरून, कायम निवास परवान्याकडे, म्हणजे ज्याला आपण सगळे सरसकट पीआर म्हणतो त्याकडे, जाण्याची वेळ जवळ आली की एक प्रश्न हमखास निघतो: अर्ज स्वतःच करावा, की पैसे मोजून एखाद्या सल्लागार संस्थेकडे सोपवावा? मी मागच्या वर्षी संस्थेकडे सोपवला. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे गुण आणि जे दोष मला दिसले ते अशा सेवा विकण्याच्या पद्धतीतच आहेत, आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाच्या संस्थेशी करार करणाऱ्या वाचकालाही ते तसेच उपयोगी पडावेत अशी इच्छा आहे.

या संस्था मूळच्या स्थलांतर-सहाय्य सेवा आहेत. मोठ्या कंपन्या भारतातून अभियंते आणतात तेव्हा घर शोधणे, पत्त्याची नोंदणी, बँकेचे खाते, पहिले निवासपत्र ही सगळी कामे त्या कंपनीच्या खर्चाने करून देतात. पहिल्या वर्षानंतर कंपनीचा करार संपतो आणि तीच संस्था कर्मचाऱ्याला वैयक्तिक ग्राहक म्हणून पुढची सेवा देऊ करते. मी घेतलेल्या सेवेची किंमत सुमारे 1,000 युरो होती आणि त्यात शासकीय शुल्क धरलेले नव्हते. कायम निवास परवान्याचे नेहमीचे शासकीय शुल्क 113 युरो आहे. त्यामुळे उरलेल्या रकमेच्या बदल्यात नेमके काय मिळते हे बारकाईने पाहणे भागच होते.

आधी नियम थोडक्यात सांगते. नोव्हेंबर 2023 मध्ये जर्मनीने कुशल कामगारांविषयीचा कायदा सुधारला. तेव्हापासून ब्लू कार्डधारकाने पात्र नोकरी करून 27 महिने निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी भरली असेल आणि त्याला ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचे जर्मन येत असेल, तर तो कायम निवासासाठी अर्ज करू शकतो. जर्मन बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचे असेल तर हीच मुदत 21 महिन्यांवर येते. पूर्वी 27 च्या जागी 33 महिने होते, आणि गंमत अशी की अनेक जुन्या पत्रकांत अजूनही 33 हाच आकडा सापडतो. याशिवाय ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतील समाज आणि कायदा यांविषयीची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात 33 प्रश्न असतात. कायम निवासासाठी त्यांतील 15 आणि नागरिकत्वासाठी 17 उत्तरे बरोबर यावी लागतात. परीक्षेचे शुल्क 25 युरो आहे, पण निकाल हाती यायला काही आठवडे लागतात, आणि हे आठवडे हिशेबात न धरल्यामुळे बाकी सगळी तयारी झालेला अर्ज अडून राहिल्याची उदाहरणे आमच्या ओळखीत आहेत.

संस्थेच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग अगदी सुरुवातीच्या बैठकीत झाला. आमच्या प्रकरणावर नेमलेल्या बाईंनी अर्जाचा नमुना बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या भारतीय पासपोर्टची मुदत पाहिली. तो पुण्यात काढलेला, दहा वर्षांचा पासपोर्ट संपत आला होता. ब्लू कार्ड जास्तीत जास्त चार वर्षांसाठी मिळू शकते, पण निवासपत्राची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. त्यामुळे नोकरीचा करार बेमुदत असूनही माझे कार्ड पासपोर्ट संपण्याच्या तारखेलाच संपणार होते. कार्डावर छापलेली तारीख मी अनेकदा पाहिली होती, पण ती त्याच दिवसाची का आहे हे मला या बाईंनी पहिल्यांदा समजावून दिले. पासपोर्टचे नूतनीकरण आधी, कायम निवासाचा अर्ज नंतर, आणि तोही कार्डाची मुदत संपण्यापूर्वी, असा क्रम त्यांनी तारखांसह लिहून दिला. दीर्घकाळ परदेशात राहणाऱ्या माणसाला एकाच वेळी पासपोर्ट, निवासपत्र, नोकरीचा करार, आरोग्य विमा आणि वर्गणीचे महिने अशा पाच वेगवेगळ्या तारखा सांभाळाव्या लागतात, आणि त्यांतील एक सरकली की बाकीच्या हलतात. हे वेळापत्रक मांडून देणे हीच या सेवेची खरी किंमत आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

दुसरी चांगली गोष्ट निवृत्तिवेतन विम्याच्या नोंदींबाबत. अर्जासोबत ‘डॉइचे रेंटेनफरझिशरुंग’ या सार्वजनिक निवृत्तिवेतन विमा संस्थेकडून मिळणारा वर्गणीचा उतारा जोडावा लागतो. हा उतारा मागवला की त्यात चालू वर्षाचे महिने बहुधा दिसत नाहीत, कारण कंपन्या मागील वर्षाची वार्षिक नोंद पुढच्या वर्षीच्या 15 फेब्रुवारीपर्यंत पाठवतात. ज्यांचे महिने काठावर आहेत अशा लोकांना त्यामुळे आपण अपात्र आहोत असे वाटते आणि ते विनाकारण अनेक महिने थांबतात. संस्थेने उताऱ्याला चालू वर्षाच्या पगारपत्रकांची जोड दिली, दोन नोकऱ्यांमधील खंड वजा करून महिने मोजले, आणि तो हिशेब एका स्वतंत्र पानावर मांडून अर्जाला जोडला. परदेशी नागरिक कार्यालयातील अधिकाऱ्याने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. इतक्या नेटक्या कागदाबद्दल मी त्या बाईंची मनापासून ऋणी आहे.

घराच्या क्षेत्रफळाची अटही त्यांनी वेळेवर लक्षात आणून दिली. पुरेशी जागा म्हणजे सहा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे साधारण 12 चौरस मीटर असा संकेत आहे, आणि भाडेकरारात क्षेत्रफळ लिहिलेले नसेल तर घरमालकाकडून वेगळे पत्र आणावे लागते. आमच्या करारात ते लिहिलेले नव्हते. घरमालक वयस्कर गृहस्थ आहेत आणि ते सुट्टीवर जाण्याआधी पत्र मिळाले, हे केवळ आधी सूचना मिळाल्यामुळे.

आता दोष सांगते, आणि ते किरकोळ नाहीत.

कागदपत्रांची जी यादी त्यांनी पाठवली ती सर्व देशांच्या ग्राहकांसाठी एकच होती. त्यात ‘अपोस्टिल केलेले विवाह प्रमाणपत्र’ अशी मागणी होती. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घेतलेला शासकीय शिक्का. भारत त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात असला तरी भारताच्या समावेशाला जर्मनीने आक्षेप नोंदवलेला आहे, त्यामुळे भारतातील अपोस्टिलचा इथे उपयोग होत नाही. एखाद्या कागदाबद्दल इथल्या कार्यालयाला शंका असेल तर ते भारतातील जर्मन वकिलातीमार्फत त्याची पडताळणी करून घेते. हे ठाऊक नसलेले कुटुंब काय करेल? गावाकडच्या भावाला सुट्टी काढायला लावील, तो मुंबईला मंत्रालयात खेपा घालील, नंतर कागद परराष्ट्र मंत्रालयाकडे जातील, मध्ये एखादा दलाल पैसे घेईल, आणि शेवटी तो शिक्का कोणी पाहणारही नाही. मी यादीतील ही ओळ दाखवून दिल्यावर ती आमच्या प्रकरणातून काढली गेली. भारतीय ग्राहकांची संख्या मोठी असलेल्या संस्थेने ती मूळ यादीतूनच काढायला हवी होती, आणि मी तसे त्यांना लेखी कळवले आहे.

याहून गंभीर गोष्ट माझ्या यजमानांच्या अर्जाची. संस्थेने आम्हाला दोघांचा एकत्रित अर्ज, थोड्या सवलतीत, असा प्रस्ताव दिला आणि आम्ही तो स्वीकारला. 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार कुशल कामगार म्हणून कायम निवास मिळालेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला पाच वर्षांऐवजी तीन वर्षांत कायम निवास मिळू शकतो, हे खरे आहे. पण त्यासाठी जोडीदाराकडे तीन वर्षे निवासपत्र असावे लागते आणि तो आठवड्याला किमान 20 तास नोकरी करत असावा लागतो. भाषेच्या आणि इतर अटी त्याखेरीज. माझे यजमान माझ्यानंतर आले, जर्मन शिकत असल्यामुळे त्यांनी कमी तासांची नोकरी धरली होती, आणि यांतील एकही अट ते त्या वेळी पूर्ण करत नव्हते. हे दोन प्रश्न करारावर सही घेण्यापूर्वी विचारता आले असते. ते विचारले गेले नाहीत. त्यांच्या अर्जासाठी घेतलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम पुष्कळ पत्रव्यवहारानंतर परत मिळाली. उरलेली ‘प्राथमिक तपासणीचा खर्च’ म्हणून ठेवून घेण्यात आली. जी तपासणी झालीच नाही तिचा खर्च आकारणे मला अजिबात मान्य नाही.

ही चूक आमच्या लक्षात आणून दिली ती एका विनामूल्य सेवेने, आणि तिची माहिती आपल्या लोकांना फारच कमी आहे म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. जर्मनीच्या केंद्र शासनाच्या पैशावर चालणारी प्रौढ स्थलांतरितांसाठीची एक समुपदेशन सेवा 2005 पासून अस्तित्वात आहे. कारितास, डियाकोनी, आर्बायटरवोलफार्ट, रेड क्रॉस यांसारख्या कल्याणकारी संस्थांची केंद्रे ती गावोगावी चालवतात. वय 27 च्या पुढे असलेल्यांसाठी ही सेवा आहे आणि त्याहून लहान असलेल्यांसाठी तशीच युवकांची वेगळी सेवा आहे. ‘एमबेऑन’ नावाच्या मोबाइल ॲपवरून समुपदेशकाशी लेखी संवादही साधता येतो, आणि त्याला काहीही शुल्क नाही. आपल्याकडे अशी समजूत आहे की ही केंद्रे फक्त निर्वासितांसाठी आहेत आणि पगारदार अभियंत्याने तिथे जाणे बरे दिसत नाही. ही समजूत सोडून द्यावी. आमच्या जवळच्या केंद्रातील समुपदेशकांनी यजमानांचे निवासपत्र आणि नोकरीचा करार पाहिला, कायद्याचे ते कलम उघडून दाखवले आणि त्यांनी अर्ज केव्हा करणे योग्य ठरेल ते सांगितले. तेही शांतपणे आणि घाई न करता. ब्लू कार्डाच्या बारकाव्यांत प्रत्येक केंद्राचा हात सारखाच बसलेला असेल असे नाही, भेटीसाठी थांबावे लागते, आणि तुमच्या वतीने अर्ज भरून देण्याचे काम ते करत नाहीत. तरीही पैसे देऊन केलेल्या करारावर सही करण्याआधी एक भेट इथे घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सल्लागार संस्थांच्या मर्यादेमागे एक कायदेशीर कारणही आहे आणि ते ग्राहकाला आधीच ठाऊक असावे. जर्मनीत एखाद्याच्या वैयक्तिक प्रकरणात पैसे घेऊन कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार मुख्यतः वकिलांना आहे. स्थलांतर-सहाय्य संस्था कागद जमवू शकते, अधिकारपत्र घेऊन कार्यालयाशी पत्रव्यवहार करू शकते, भेटीची वेळ मिळवू शकते. पण ‘माझ्या बाबतीत कायदा काय म्हणतो’ या प्रश्नाचे जबाबदारीने उत्तर देणे तिच्या कक्षेत बसत नाही. याचा प्रत्यय मला प्रवासाच्या वेळी आला. अर्ज वेळेत केला होता, तरी निर्णय होण्याआधी ब्लू कार्डाची मुदत संपली आणि कार्यालयाने तात्पुरता दाखला दिला, ज्याला इथे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. घरी पुण्याला जाणे आवश्यक होते. हा दाखला असताना जर्मनीबाहेर जाऊन परत येता येते का, असे विचारल्यावर संस्थेतून फोनवर ‘हो, चालते’ असे उत्तर मिळाले. तेच लेखी मागितल्यावर मात्र ‘आम्ही कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही’ असे पत्र आले.

या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्या दाखल्यावरच असते. निवास कायद्याच्या कलम 81 चे वेगवेगळे परिच्छेद त्यावर छापलेले असतात आणि लागू असलेल्या चौकटीत खूण केलेली असते. खूण परिच्छेद 4 च्या चौकटीत असेल तर आधीचे निवासपत्र निर्णय होईपर्यंत चालू असल्याचे धरले जाते आणि जुने कार्ड, दाखला व पासपोर्ट सोबत ठेवून परत येता येते. परिच्छेद 3 ची खूण असेल तर परत प्रवेशाचा हक्क त्या दाखल्यातून मिळत नाही. मुदत संपण्यापूर्वी अर्ज करण्यावर सगळे जाणकार इतका भर का देतात, ते या एका चौकटीवरून समजते. ही माहिती मला स्थलांतर कायद्यात विशेषज्ञ असलेल्या वकिलांकडून एका तासाच्या सशुल्क भेटीत मिळाली. जर्मनीत ‘स्थलांतर कायद्याचे विशेषज्ञ वकील’ ही अधिकृत पदवी 2016 पासून दिली जाते. वकील निवडताना ती पाहावी. त्या तासाचे शुल्क संस्थेच्या शुल्काच्या तुलनेत बरेच कमी होते आणि मिळालेले उत्तर लेखी होते. कार्यालयाकडून तीन महिने होऊनही सबळ कारणाशिवाय निर्णय आला नाही तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईविरुद्ध दावा दाखल करता येतो, हेही त्यांनीच सांगितले. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

संस्थेच्या माहितीपत्रकाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात त्याचीच छायाचित्रे फिरत असतात. त्यात ‘तीन वर्षांत जर्मन पासपोर्ट’ असे ठळक अक्षरांत छापलेले मी स्वतः वाचले. जून 2024 मध्ये लागू झालेल्या नागरिकत्व कायद्याने नेहमीची मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि विशेष प्रगती दाखवणाऱ्यांना तीन वर्षांची सवलत दिली होती, हे बरोबर आहे. पण ती तीन वर्षांची सवलत ऑक्टोबर 2025 अखेर रद्द झाली. त्यानंतरही माहितीपत्रक तसेच होते. जर्मनी आता मूळ नागरिकत्व सोडण्याचा आग्रह धरत नाही, परंतु भारतीय कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व जाते आणि पासपोर्ट परत करावा लागतो, ही बाब त्या पत्रकात कुठेही नाही. गावी शेती असलेल्या, आई-वडिलांची जबाबदारी असलेल्या माणसासाठी ही बाब तळटीपेत टाकण्याजोगीही नाही. ती पहिल्या पानावर हवी.

आई-वडिलांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. ‘आता पालकांना कायमचे आणता येते’ हा संदेश आमच्या गटात अनेकदा आला आणि तो वाचून कित्येकांच्या घरी आशेने बोलणी झाली. ही तरतूद खरी आहे, पण ज्या कुशल कामगारांना त्यांचे पहिले निवासपत्र 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर मिळाले त्यांच्याच पालकांना ती लागू होते, आणि पालकांच्या निर्वाहाची व आरोग्य विम्याची सोय दाखवावी लागते. आम्ही 2022 मध्ये आलो, म्हणून आम्हाला ती लागू नाही. संस्थेच्या बाईंनी हे पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगितले आणि त्यासाठी वेगळी सेवा विकण्याचा प्रयत्न केला नाही. सासूबाईंना फोनवर हे सांगणे मला जड गेले, तरी खोट्या आशेपेक्षा ते उत्तर मला हजारपटीने बरे वाटले. याचे श्रेय मी त्या बाईंना व्यक्तिशः देते.

कार्यालयातील अनुभवाबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही; भेट वेळेवर झाली, ठसे घेतले गेले आणि कार्ड काही आठवड्यांनी आले.

कार्ड आल्यावर संस्थेने अभिनंदनाचा संदेश पाठवून प्रकरण बंद केले, आणि माझा शेवटचा आक्षेप याबद्दल आहे. कायम निवास हा शब्द ऐकून आता कुठल्याच तारखेची काळजी नाही असे वाटते. प्रत्यक्षात साधा कायम निवास परवाना सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिल्यास सामान्यतः रद्द होतो. वडिलांचे आजारपण, बाळंतपण, घरकामांची निस्तरणी अशा कारणांनी आपली माणसे भारतात लांबतात, आणि कंपनीने वर्षभरासाठी पुण्याच्या शाखेत पाठवणे हेही इथे सर्रास घडते. जाण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयाशी बोलून अधिक मुदत लेखी मिळवता येऊ शकते. परत आल्यावर ते करायला गेलो तर उशीर झालेला असतो. पाच वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी युरोपीय संघाचा दीर्घकालीन निवास परवाना हा आणखी एक पर्याय आहे, ज्यात संघाबाहेर सलग बारा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा असते, आणि संघातील इतर देशांत नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना तो अधिक सोयीचा ठरतो. पासपोर्ट नवा केला की कार्डही नवे करून घ्यावे लागते, हेही मला वकिलांकडूनच कळले. कार्ड हाती देताना हे सगळे सांगणारे एक पान संस्थेने दिले असते, तर त्यासाठी मी वेगळे पैसेही आनंदाने दिले असते.

ज्यांची नोकरी एकाच कंपनीत सलग आहे, पासपोर्टला अजून बरीच वर्षे आहेत आणि कुटुंबात दुसरा अर्ज नाही, त्यांनी ही सेवा घेण्याचे मला कारण दिसत नाही. विनामूल्य समुपदेशन आणि स्वतःची चिकाटी त्यांना पुरेशी आहे. ज्यांनी मध्ये नोकरी बदलली आहे, ज्यांच्या तारखा एकमेकींत अडकल्या आहेत किंवा ज्यांना जर्मन पत्रव्यवहार पेलत नाही, त्यांना या सेवेचा उपयोग होईल. त्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: अर्जातील प्रत्येक व्यक्तीच्या पात्रतेची तपासणी रक्कम भरण्याआधी होईल का, अर्ज अपात्र ठरल्यास किती रक्कम परत मिळेल, आणि कायदेशीर प्रश्न उद्भवल्यास संस्था कोणत्या वकिलांकडे पाठवते व त्यांचे शुल्क कोण भरते.

माझे गुणांकन पाचपैकी तीन. त्यांतले दोन गुण पहिल्या बैठकीतल्या वेळापत्रकाचे आणि एक वर्गणीच्या हिशेबाचा. यजमानांचा अर्ज योग्य वेळी आम्ही स्वतः करणार आहोत.